तेत्काचं पातेलं

म्युनिकमधल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक सर्बियन बाई राहतात. ऐंशीला टेकलेल्या. मी त्यांना तेत्का म्हणते. सर्बियन भाषेत तेत्का म्हणजे मावशीही आणि आत्याही. आईकडची की वडिलांकडची, ही वाटणी त्यांनी इथे केलेली नाही. बाकी नात्यांचा पसारा मात्र आपल्याइतकाच. नवऱ्याचा भाऊ 'देवेर', सून 'स्नाहा'. हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा मी कप खाली ठेवून दीर-देवेर, स्नुषा-सून असं पुटपुटत बसले होते आणि तेत्काला वाटलं, या पोरीला भोवळ आली.

आमची दोस्ती एका पातेल्यावरून झाली. जाड बुडाचं, चकचकीत, झाकणाच्या मुठीत तापमान दाखवणारा छोटा काटा. त्या पातेल्यात ती सारमा करते, म्हणजे खारवून आंबवलेल्या कोबीच्या पानात खिमा-तांदळाच्या वळकट्या. माझी चतुर्थी असली की तांदूळ आणि अक्रोड घालून उपासाची सारमा. त्यांच्या उपासाला दूध-दहीसुद्धा चालत नाही हे कळल्यावर साबुदाणा वडा आणि बटाट्याचा चिवडा चापणाऱ्या मला थोडी लाजच वाटली होती.

पातेलं झेप्टरचं. कंपनीचा माणूस घरी यायचा, आपल्याच भांड्यात स्वयंपाक करून दाखवायचा, सगळ्यांना जेवू घालायचा आणि मग हप्त्यांचा कागद पुढे करायचा. तेत्कानं असाच संच घेतला. "महाग होता, पण माणूस आमच्याकडचा ना," ती म्हणते. फिलिप झेप्टर जन्मला डॅन्यूबकाठच्या वेलिको ग्रादिश्ते या गावात, आणि तेत्काचं माहेर त्याच पट्ट्यातलं. १९८६ मध्ये त्यानं ऑस्ट्रियातल्या लिंझमधून धंदा सुरू केला आणि भांडी विकून अफाट श्रीमंत झाला.

"त्याच्या बायकोनं बेलग्रेडला चित्रांचं म्युझियम काढलंय," एकदा सारमा वाढता वाढता ती म्हणाली. "तुला चित्रांचं वेड, तर जाऊन ये."

"तुम्ही पाहिलंय?"

"मी कशाला? मी पातेल्याचे पैसे भरलेत."

२०२३ च्या सप्टेंबरात चार दिवसांची सुट्टी जुळली आणि मी खरंच गेले. एक कबूल करते, जाताना मनात आदर फारसा नव्हता. भांडीवाल्याचं म्युझियम म्हणजे काय असणार? संगमरवरी जिना, सोनेरी चौकटी, मालकांचं मोठं तैलचित्र आणि बाहेर पडताना भेटवस्तूंच्या दुकानात कढया. असं चित्र मी विमानातच रंगवून टाकलं होतं.

बेलग्रेडमध्ये कुणाला भेटायचं असेल तर लोक 'घोड्यापाशी' भेटतात. घोडा म्हणजे रिपब्लिक चौकातला प्रिन्स मिहाइलो ओब्रेनोविचचा १८८२ सालचा अश्वारूढ पुतळा. राजाचं नाव कुणी घेत नाही, घोडाच लक्षात. घोड्याच्या पाठीमागे नॅशनल म्युझियमची भली मोठी इमारत आहे आणि तिथून कालेमेगदान किल्ल्याकडे जाणारा रस्ता म्हणजे क्नेझ मिहाइलोवा, याच राजाच्या नावाचा. १९८७ पासून तिथे गाड्या नाहीत. दोन्ही बाजूंना जुन्या धाटणीच्या, नक्षीदार गॅलऱ्यांच्या इमारती. खाली पुस्तकांची दुकानं, आइस्क्रीम, मक्याची कणसं, ॲकॉर्डियन वाजवणारे म्हातारे. लक्ष्मी रोडवरून वाहनं हटवली आणि फुटपाथवर कॅफेच्या खुर्च्या मांडल्या तर जे होईल त्याच्या आसपासचं काहीतरी. किल्ल्याजवळ एक विक्रेता १९९३ सालची पन्नास हजार कोटी दिनारची नोट विकत होता. पाचावर अकरा शून्यं. महागाई इतकी भडकली होती की ही नोटही थोड्याच दिवसांत कवडीमोल झाली. तिच्यावर योवान योवानोविच झ्माय या कवीचं चित्र आहे. एका कवीला एवढी किंमत दुसऱ्या कुठल्या देशानं दिली नसेल, असा विनोद मला तिथेच सुचला, पण सांगायला मराठी माणूस शेजारी नव्हता.

क्नेझ मिहाइलोवा ४२. दारावर मोठा गाजावाजा नाही. दोनदा पुढे निघून गेले. आत शिरल्यावर रस्त्याचा आवाज असा थांबला की कान जरा वेळ गोंधळले. तिकीट घेतलं, पिशवी ठेवली. कढया नव्हत्या.

या म्युझियमची मूळ कल्पना मादलेना झेप्टर यांची. त्यांनीच बेलग्रेडलगतच्या झेमुनमध्ये मादलेनियानुम नावाचं खासगी ऑपेरा-नाट्यगृह चालवलं. म्युझियम उघडलं २०१० मध्ये, आणि सर्बियातलं पहिलं खासगी म्युझियम म्हणून त्याची ओळख आहे. संग्रह मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. साडेतीनशेहून अधिक कामं, शंभराहून अधिक कलावंत. मी गेले त्या सकाळी मात्र संग्रह बघायला मी एकटी होते.

पहिल्या काही चित्रांसमोर मी नुसतीच उभी राहिले. काळपट, मातकट, राखाडी पृष्ठभाग. रंग लावलेला नव्हता, लिंपलेला होता. कुठे वाळूसारखी खर, कुठे भेगा, कुठे पोपडे, कुठे जळाल्यासारखे डाग. युरोपात याला 'अनफॉर्मेल' म्हणतात, आकार नाकारणारी चित्रकला. मला आठवली आजोळची पडवी. आजी शेणानं सारवायची, दोन दिवसांनी उन्हानं त्यात बारीक भेगा पडायच्या आणि आम्ही पोरं त्या भेगांत नद्या शोधायचो. ती पडवी कुणी उचलून भिंतीवर टांगली असती तर? मला एरवी ही असली चित्रं थंड वाटतात. इथे हात पुढे जात होता आणि मी तो मागे घेत होते.

ही चित्रं साधारण १९५९ ते १९६३ च्या सुमाराची आहेत हे कळल्यावर त्यांच्याकडे बघणं बदललं. सर्बिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता. कम्युनिस्ट देश, पोलादी कामगार आणि हसऱ्या शेतकरणी रंगवायचा काळ नुकताच मागे पडलेला, आणि ही मंडळी वाळू-डांबर घेऊन बसली होती. १९६३ च्या सुरुवातीला देशाचा सर्वेसर्वा टिटो, खुद्द त्यानं भाषणांतून अमूर्त कलेवर तोंडसुख घेतलं. सोव्हिएत रशियात असतं तर पुढे काय झालं असतं ते सांगायला नको. इथे फारसं काही झालं नाही. चित्रकार दबकले, कुरकुरले आणि रंगवत राहिले. मला युगोस्लाव्हियाचं जे अप्रूप वाटतं ते इथेच. साखळी होती, पण लांब होती. म्हणून गळ्याला काचत नव्हती असं मात्र नाही, आणि याचा दाखला याच घोळक्यातल्या एकाच्या चरित्रात आहे. त्याच्याकडे येतेच.

त्याआधी एक शिल्प. ओल्गा येव्रिच (१९२२–२०१४). लोखंडी सळ्यांवर अडकलेले सिमेंटचे खडबडीत गोळे, त्यांतून बाहेर आलेले खिळे. दोन जड गोळे एकमेकांकडे झुकलेले, मधली जागा रिकामी, आणि ती रिकामी जागाच सगळ्यात जड वाटते. येव्रिचनं अशा कामांना 'स्मारकांसाठीचे प्रस्ताव' म्हटलं. महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाभर स्मारकं उभी राहत होती, हात उंचावलेले वीर, बंदुका, मशाली. या बाई टेबलावर मावतील एवढे सिमेंटचे गोळे करून म्हणत होत्या, हेही स्मारक होऊ शकेल. १९५८ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, त्यांची शिल्पं गेली तेव्हा त्यांची वाखाणणी झाली. आपल्याकडे चौकाचौकांत उभ्या असलेल्या पुतळ्यांच्या रांगा मनात आल्या. सिमेंटचा एक गोळा चौकात ठेवायचा प्रस्ताव नगरपालिकेत मांडला तर काय होईल? त्या सभेला मला जायला आवडेल, फक्त हेल्मेट घालून.

आता तो एक. मिचा पोपोविच.

१९४७ साल. बेलग्रेडच्या कला अकादमीतले काही विद्यार्थी मिचाच्या पुढाकारानं वर्ग सोडून झादारला, एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर गेले. बॉम्बहल्ल्यांनी पडझड झालेलं शहर. तिथल्या ओसाड घरांत ते एकत्र राहिले, एकत्र जेवले आणि गुरुजींनी न सांगितलेलं रंगवत बसले. मिचा, व्हेरा बोझिच्कोविच, बाता मिहाइलोविच, पेतार ओम्चिकुस, कोसा बोक्शान, ल्युबिंका योवानोविच आणि इतर. परतल्यावर अकादमीनं त्यांना काढून टाकलं. हे वाचताना मला हसू येत होतं, कारण त्यांचा गुन्हा काय, तर समुद्र आणि पडकी घरं रंगवली. पण त्या वेळी कुणी समुद्र रंगवायचा आणि कुणी धरण, हे ठरलेलं होतं. १९४८ मध्ये स्टालिन आणि टिटोचं फाटलं आणि मॉस्कोच्या चालीनं चालायचं कारण उरलं नाही. १९५० मध्ये मिचानं एकट्याचं प्रदर्शन भरवलं, त्याच्या सूचीपत्रात स्वतःच प्रस्तावना लिहिली आणि सरकारी वास्तववादाला सरळ नकार दिला. पुढच्याच वर्षी पेतार लुबार्दा या चित्रकाराचं प्रदर्शन झालं. सर्बियन समीक्षक आजही १९५०-५१ चा उल्लेख बांध फुटल्यासारखा करतात. या पोरांपैकी ओम्चिकुस आणि कोसा बोक्शान हे जोडपं, आणि बाताही, १९५२ मध्ये पॅरिसला निघून गेले. मिचा आणि व्हेरा यांनी लग्न केलं आणि बेलग्रेड कायमचं सोडलं नाही.

मिचा अनफॉर्मेलमध्येही होता. आणि मग साठच्या दशकाच्या शेवटी त्यानं ती वाळू, ते पोपडे टाकून दिले आणि माणसं रंगवायला घेतली. ओळखू येतील अशी, रोजची, थकलेली. त्याच्या एका नायकाचं नाव ग्वोझ्देन, म्हणजे लोखंडी. हा ग्वोझ्देन जर्मनीला मजुरीला जाणारा सर्ब खेडूत. १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया आणि पश्चिम जर्मनी यांच्यात मजूर भरतीचा करार झाला आणि ग्वोझ्देनसारखे लाखो लोक आगगाडीत बसले. समाजवादी देश आपले कामगार भांडवलशहांना उसने देत होता. हे रंगवणं कुणाला रुचणार? १९७४ मध्ये मिचाचं बेलग्रेडमधलं प्रदर्शन उघडण्याआधीच बंद पाडलं गेलं. त्यात एक चित्र होतं, टिटो आणि त्याची बायको योवांका, सोबत हॉलंडची राणी आणि तिचा नवरा, सगळे सजूनधजून. आजूबाजूला ग्वोझ्देनची दुनिया आणि मध्ये ही राजेशाही पंगत. चित्रकाराला टीका करायला एक शब्दही खर्चावा लागला नाही, शेजार पुरला.

तेत्का १९७० मध्ये म्युनिकला आली. प्लॅटफॉर्म क्रमांक ११. त्याच्याखाली युद्धातला बंकर होता, तिथे भरती झालेल्यांना उतरवून घेत, खायला देत आणि पुढच्या कारखान्यांत पाठवून देत. ती हे सांगते तेव्हा तिचा आवाज बदलत नाही. "सूप बरं होतं," एवढंच म्हणते.

तर मी त्या दालनात उभी होते आणि मला झेप्टरचं पातेलं आठवत होतं. ग्वोझ्देनच्या बायकांनी हप्त्यांवर घेतलेली पातेली, त्यातून झालेला पैसा, आणि त्या पैशातून मिचाच्या पिढीची चित्रं विकत घेऊन भिंतीवर लावलेली. हे कुणी ठरवून केलेलं नाही, आणि मी काही हिशेबनीस नाही. पण मुलुखाच्या एका कोपऱ्यातून निघालेला पैसा असा वळसा घालून परत येतो, हे मला त्या दिवशी चित्रांइतकंच बघत राहावंसं वाटलं.

मेदियालाच्या चित्रकारांबद्दल लिहायला घेतलं तर हा लेख संपणार नाही, तेव्हा थोडक्यात. मेद म्हणजे मध, आला म्हणजे राक्षसी साप. मधुराक्षस असं काहीतरी. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी जमलेला हा घोळका अमूर्ताच्या अगदी उलट्या दिशेला गेला. जुन्या युरोपियन उस्तादांसारखं घोटीव रंगवायचं, पण रंगवायचं काय, तर दुःस्वप्नं. लेओनिद शेयका वास्तुविद्या शिकलेला. त्यानं कचऱ्याचे ढिगारे रंगवले, उकिरड्यालाच जगाचं नेमकं रूप मानलं आणि १९७० मध्ये अडतिसाव्या वर्षी गेला. ओल्या इवान्यित्स्की या त्या सुरुवातीच्या घोळक्यातल्या एकट्या बाई. व्लादिमिर वेलिच्कोविच आणि ल्युबा पोपोविच पॅरिसला स्थायिक झाले. वेलिच्कोविचचे धावणारे, फाटलेले देह आणि उंदीर मी फार वेळ बघू शकत नाही. सकाळी खाल्लेला बुरेक पोटात हलायला लागतो. बघवत नाही हा चित्रकाराचा दोष नव्हे, हे मला मान्य आहे, पण माझं पोट माझं आहे.

त्यापेक्षा लाझार वुयाक्लियापाशी मी बराच वेळ काढला. अकादमीत न शिकलेला माणूस. मध्ययुगीन दगडी थडग्यांवरच्या आकृत्या, हात वर केलेली माणसं, सूर्य, हरणं, असं सगळं सपाट रंगात, जाड रेषेत. वारली नव्हे, चित्रकथीही नव्हे, पण लांबून चुलतभाऊ वाटावा इतपत घरचं.

ज्या घरात मी खोली घेतली होती तिथल्या मुलीनं संध्याकाळी विचारलं, कुठे गेला होता? सांगितलं. ती म्हणाली, शाळेत असताना मैत्रिणीबरोबर तिथे जायचो. मला नवल वाटलं. समोरच एवढं मोठं नॅशनल म्युझियम असताना?

"ते बंद होतं ना."

"कधी?"

"मी सहा वर्षांची होते तेव्हा बंद झालं. उघडलं तेव्हा एकवीस वर्षांची होते."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं खांदे उडवले. मग रात्री मी तारखा जुळवत बसले. नॅशनल म्युझियम दुरुस्तीसाठी २००३ मध्ये बंद झालं आणि २८ जून २०१८ ला उघडलं. साव्हा नदीपलीकडे, उश्चेच्या बागेत, समकालीन कला संग्रहालय आहे. १९६५ मध्ये उघडलेलं, इवान आंतिच आणि इवांका रास्पोपोविच यांनी रचलेलं, तिरक्या कापलेल्या चौकोनी खड्यांसारखं. तेही २००७ मध्ये बंद झालं आणि २० ऑक्टोबर २०१७ ला उघडलं. म्हणजे झेप्टर म्युझियम उघडल्यापासून, २०१० ते २०१७, तब्बल सात वर्षं, राजधानीतली ही दोन्ही मोठी सरकारी संग्रहालयं एकाच वेळी बंद होती. गॅलऱ्या होत्या, छोटी-मोठी प्रदर्शनं होती. पण आपल्या देशात पन्नास वर्षं काय रंगवलं गेलं हे कुणाला सलग बघायचं असेल, तर ते बघायचं ठिकाण क्नेझ मिहाइलोवावरचं हे भांडीवाल्यांचं घर होतं. एक अख्खी पिढी लहानाची मोठी झाली, आणि मिचा पोपोविच, शेयका, येव्रिच तिला भेटले असतील तर इथे.

विमानातला माझा कढयांचा विनोद मला जरा जड गेला.

तरीही सगळा संशय गेला असं म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी उश्चेला गेले. तिथे भिंती मोठ्या, प्रकाश नदीकडून येणारा, आणि गाळलेलं काय हे निदान विचारता येतं, कारण ती जागा लोकांची आहे. खासगी म्युझियममध्ये गाळलेलं दिसत नाही. तिथे जे लावलंय तेच आधुनिक सर्बियन कला, असं नकळत वाटायला लागतं. एका घराची आवड बघता बघता इतिहास होऊन बसते. आणि जी माणसं विकत घेऊ शकतात त्यांनीच काय टिकवायचं हे ठरवावं, हे मला आजही पटत नाही. पण ज्यांनी ठरवायचं त्यांनी पंधरा वर्षं कुलूप लावून ठेवलं, तेव्हा पटण्या-न पटण्याला काय अर्थ? या दोन वाक्यांमध्ये मी उश्चेच्या बागेत बसून बराच वेळ येरझारा घातल्या. समोर साव्हा डॅन्यूबला मिळत होती आणि एक माणूस गळ टाकून तितक्याच निरर्थकपणे बसला होता.

तिसऱ्या दिवशी गाडी पकडून नोव्ही सादला गेले. तिथे पावले बेल्यान्स्कीचा संग्रह आहे. हा वकिली शिकलेला, परराष्ट्र खात्यात नोकरी केलेला माणूस. पॅरिस, रोम, जिथे नेमणूक होईल तिथे सर्बियन चित्रकारांची चित्रं घ्यायचा. पगारी माणूस, तरी घेतच राहिला. पुढे सगळं लोकांना देऊन टाकलं आणि १९६१ मध्ये त्यासाठी बांधलेली इमारत उघडली. तो १९६५ मध्ये वारला. तिथला काळ मात्र आधीचा, शतकाच्या पूर्वार्धाचा. नादेझ्दा पेत्रोविचचे लाल, ओबडधोबड फटकारे तिथे आहेत. ही बाई पहिल्या महायुद्धात परिचारिका म्हणून गेली आणि १९१५ मध्ये रुग्णांची सेवा करताना टायफसनं गेली. आज दोनशे दिनारच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. सावा शुमानोविचही तिथे. १९४२ मध्ये त्याला घरातून उचलून नेऊन गोळ्या घातल्या. सर्बियात चित्रकारांच्या नावापुढचं दुसरं साल बघायची मला भीतीच बसली.

बेल्यान्स्कीच्या संग्रहात फिरताना मला औंध आठवलं, आणि आठवलं ते उशिरा, याचं वाईट वाटलं. आम्ही साताऱ्याचे. चौथीत शाळेची सहल औंधला गेली होती. यमाईचा डोंगर, खाली बाजार, आणि डोंगराच्या वाटेवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उघडलेलं भवानी संग्रहालय. लहानशा संस्थानाचा राजा. स्वतः चित्रं काढायचा, कीर्तनं करायचा, सूर्यनमस्कारांचा प्रचार करायचा, आणि लांबून आणवलेली चित्रं-शिल्पं एका खेड्याच्या डोंगरावर नेऊन ठेवायचा. आम्ही पोरांनी तिथे काय पाहिलं? मला आठवतं ते एवढंच: फरशी थंडगार होती, बाईंनी हात मागे बांधायला लावले होते आणि एका चित्रातल्या बाईच्या साडीची जर खरी आहे की रंगवलेली यावरून माझं आणि शेजारणीचं भांडण झालं. पण उघड्या डोळ्यांनी मी पहिल्यांदा तैलरंग पाहिला तो तिथे. साताऱ्यात त्या वेळी दुसरीकडे कुठे पाहिला असता? राजाच्या हौसेवर तेव्हा मी संशय घेतला नव्हता. संस्थानिक आणि भांडीवाले यांत मी जो फरक करत होते तो कसला होता, कलेचा की जातीचा, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर फार आवडलं नाही.

परतायच्या आदल्या संध्याकाळी क्नेझ मिहाइलोवावरच्या एका पुस्तकाच्या दुकानातून मिचा पोपोविचवरचं चित्रांचं जुनं पुस्तक घेतलं. सगळं सिरिलिक लिपीत, मला अक्षरं लावून लावून नावं तेवढी वाचता येत होती. झेप्टर म्युझियमचं एक माहितीपत्रकही बॅगेत टाकलं. मग 'प्रश्नचिन्ह' नावाच्या खानावळीत बसून कॉफी घेतली. आधीचं नाव शेजारच्या चर्चवरून ठेवलेलं होतं. ते धर्मगुरूंना रुचलं नाही तेव्हा मालकानं वैतागून पाटीवर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं, ते १८९२ पासून तसंच आहे. कॉफीबरोबर साखरेत घोळलेल्या लोकुमचा एक तुकडा दिला. बक्षिसाला तिथेही 'बक्शिश'च म्हणतात, त्यामुळे वेटरशी व्यवहार सोपा झाला.

म्युनिकला आल्यावर रविवारी तेत्काकडे गेले. ती कोबीची पानं सोडवत होती. माहितीपत्रक दाखवलं. तिनं चष्मा लावून इमारतीचा फोटो पाहिला.

"तिकीट आहे?"

"आहे."

"अजून किती घेणार?" ती म्हणाली आणि पत्रक साखरेच्या डब्याखाली सरकवलं.

मग मी पुस्तक उघडलं. चुलीवर पातेलं होतं, झाकणावरचा काटा सावकाश वर चढत होता. अनफॉर्मेलची पानं तिनं एका बोटानं भराभर उलटली. "भिंत," म्हणाली. पुढच्या पानाला, "ही पण भिंत." तिथे मला वाद घालायचा होता, घातला नाही.

ग्वोझ्देनच्या पानावर ती थांबली. चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"हा कोण?"

"चित्रातला माणूस. मजुरीला जर्मनीला येणारा."

"तसं नाही. हा कोण, ते लिहिलंय का?"

मी अक्षरं लावून वाचलं. ग्वोझ्देन.

"नाव बदललंय," ती म्हणाली. "हा माझा देवेर आहे. पहिल्या हिवाळ्यात तो आणि माझा नवरा एकच कोट वापरायचे. एकाची रात्रपाळी, एकाची दिवसाची." तिनं पानावर हात ठेवला. हाताला कोबीचं पाणी लागलं होतं, पानावर ओला डाग उमटला. तिनं पदर शोधावा तसा ॲप्रनचा कोपरा शोधला आणि घाईघाईनं पुसायला लागली.

"राहू द्या, तेत्का."

"पुस्तक महाग असेल."

"राहू द्या हो."

तिनं पुसलंच. मग पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात, त्याच पानावर उघडं ठेवलं आणि सारमा वळायला घेतली. आठ वळकट्या झाल्या असतील, तेवढ्यात म्हणाली, "तिथे त्या म्युझियममध्ये, बसायला खुर्ची आहे का गं? माझे गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत."